मेनमध्ये गव्हर्नरपदाला उभा राहिलेला अपक्ष: सही द्यावी का, आणि मत वाया जातं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही अमेरिकेतल्या मेन राज्यात राहता, मागच्या वर्षी सिटिझन झालात, शनिवारी सकाळी शेजारचे आजोबा क्लिपबोर्ड घेऊन दारात आले आणि गव्हर्नरच्या निवडणुकीत एका अपक्षाचं नाव बॅलटवर यावं म्हणून सही मागितली. उमेदवार वकील होता, मग स्वतःचा धंदा केला, बॅकग्राउंड चांगलं वाटतंय. पण आपल्याकडे अपक्ष म्हटलं की एक तर तिकीट न मिळालेला बंडखोर, नाहीतर कुणाची तरी मतं खायला उभा केलेला, त्यामुळे तुम्ही "उद्या सांगतो" म्हणून कटवलंत. आता विचारताय की असा माणूस इथे खरंच निवडून येतो का, का मत पाण्यात.

मी पोर्टलंडला राहते (ओरेगनचं नाही, मेनचं), आणि गेली पंधराएक वर्षं इथल्या कॅम्पेन्समध्ये सह्या गोळा करणं, मतदार याद्या लावणं, दारोदार फिरणं असली खालच्या पातळीची कामं केली आहेत, पक्षाच्या उमेदवारांचीही आणि अपक्षांचीही. तुमचा उमेदवार कोण ते मला माहीत नाही आणि नाव सांगूही नका. खरं म्हणजे तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकात एक अडकलेत, सहीचा वेगळा, मताचा वेगळा आणि तो माणूस निवडून आल्यावर काम करू शकेल का हा तिसरा. बॅकग्राउंड तिसऱ्या प्रश्नात सगळ्यात जास्त कामाला येतं, पण लोक ते दुसऱ्यात वापरतात आणि मग हमखास गोंधळ होतो.

आधी एक गोष्ट, गव्हर्नर म्हणजे राज्यपाल असं डिक्शनरी म्हणते पण तो अर्थ डोक्यातून काढून टाका. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. इथला गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्रीच, फक्त आमदारांनी निवडलेला नाही, थेट लोकांनी चार वर्षांसाठी निवडलेला. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण अपक्षाची सगळी गंमत त्यातच आहे. आपल्याकडे एकटा अपक्ष मुख्यमंत्री व्हायचा तर इतरांनी त्याला खांद्यावर घ्यावं लागतं, २००६ मध्ये झारखंडला मधू कोडा झाले तसं. किंवा मग १९९५ ला महाराष्ट्रात पंचेचाळीस अपक्ष निवडून आले आणि युतीचं सरकार त्यातल्या काहींच्या टेकूवर उभं राहिलं, म्हणजे अपक्षाची किंमत निकालानंतरच्या बाजारात. इथे तसा बाजारच नाही, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो गव्हर्नर, पाठीमागे एकही आमदार नसला तरी.

आता सही. सही म्हणजे मत नाही आणि मताचं वचनही नाही. आपल्याकडे विधानसभेला अपक्षाला दहा सूचक लागतात, पाच मित्र आणि पाच नातेवाईक धरले की झालं. मेनमध्ये गव्हर्नरला उभ्या राहणाऱ्या अपक्षाला किमान चार हजार नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात, आणि त्या जानेवारी ते मे अशा महिन्यांत गोळा करायच्या. मेनचा फेब्रुवारी तुम्ही पाहिलायच. बॉलपेनची शाई गोठते म्हणून आम्ही पेन जॅकेटच्या आत छातीशी ठेवायचो आणि सही करणाऱ्याला गरम गरम काढून द्यायचो. सगळ्यात चांगली जागा कुठली विचाराल तर गावचं ट्रान्सफर स्टेशन, म्हणजे शनिवारी लोक आपापला कचरा स्वतः गाडीत घालून आणून टाकतात ती जागा. तिथे प्रत्येकजण थांबतो, घाईत नसतो, आणि मुख्य म्हणजे सगळे एकाच गावचे असतात. मार्चमधली टाउन मीटिंग, म्हणजे इथली ग्रामसभा, तीही त्याच कारणासाठी सोन्यासारखी.

एकाच गावचे असणं का महत्त्वाचं तर प्रत्येक सही त्या त्या गावाच्या क्लार्ककडून, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, यादीशी ताडून घ्यावी लागते. मी पहिल्यांदा सह्यांचं काम सांभाळलं तेव्हा हुशारी केली, पोर्टलंडच्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये माणसं उभी केली, एका दिवसात ढीगभर सह्या. संध्याकाळी कागद उघडले तर एकेका पानावर पोर्टलंड, साउथ पोर्टलंड, वेस्टब्रूक, स्कारबरो, फालमथ सगळी भेळ. आता ते एकच पान पाच क्लार्कांकडे फिरवा. काही पानं वेळेत फिरलीच नाहीत आणि त्यातल्या चांगल्या सह्या आम्ही हातानेच मातीत घातल्या. चूक सर्वस्वी माझी होती, उमेदवार बिचारा काही बोलला नाही.

तर सहीबद्दल माझं मत सरळ आहे, माणूस अगदीच विचित्र वाटत नसेल तर द्या. तुमची नोंदणी कुठल्याही पक्षात असली तरी चालते. टेक्सासमध्ये हा प्रकार बराच जाचक आहे, तिथे ज्याने त्या वर्षी प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) मत दिलं त्याची सही अपक्षाला चालत नाही आणि सह्या प्रायमरीनंतरच सुरू करायच्या. २००६ ला तिथे साडेपंचेचाळीस हजार सह्या लागत होत्या, दोन महिन्यांत. तरी त्या वर्षी दोन अपक्ष बॅलटवर आले, किंकी फ्रीडमन हा गायक-लेखक आणि कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न या राज्याच्या कंट्रोलर, म्हणजे हिशेब सांभाळणाऱ्या. बाईंना बॅलटवर नावात "ग्रँडमा" हवं होतं, प्रचारच तसा होता, ते नाकारलं गेलं. किंकीला मात्र "किंकी" लावू दिलं. निकाल, बाई अठरा टक्के, किंकी बारा, आणि रिपब्लिकन रिक पेरी एकोणचाळीस टक्क्यांवर आरामात परत गव्हर्नर. विरोधातली मतं दोन अपक्ष आणि डेमोक्रॅट अशी तीन ठिकाणी गेली की काय होतं त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

इथून मताचा प्रश्न सुरू होतो.

मेनमध्ये अपक्ष निवडून येतो का, तर हो, दोन आलेत. १९७४ ला जेम्स लाँगली आणि १९९४ ला अँगस किंग. दोघांचंही बॅकग्राउंड बघितलं तर तुमच्या उमेदवाराला लावायला एक मोजपट्टी मिळते.

लाँगली लुइस्टनचा विमा एजंट, धंद्यात मोठा झालेला. निवडणुकीआधी त्यावेळच्या डेमोक्रॅट गव्हर्नरने त्याला सरकारी खर्च कुठे वाचवता येईल हे शोधणाऱ्या समितीचं प्रमुख केलं होतं. म्हणजे उभा राहिला तेव्हा "मी सरकार स्वस्तात चालवीन" हे त्याच्या तोंडी पोकळ वाटत नव्हतं, त्याने आकडे काढलेले लोकांना माहीत होते. त्याने हरवलेला डेमोक्रॅट कोण होता, तर जॉर्ज मिचेल, पुढे सिनेटमध्ये बहुमताचा नेता झालेला आणि १९९८ चा उत्तर आयर्लंडचा शांतता करार घडवून आणणारा. म्हणजे समोर कुणी पडेल उमेदवार नव्हता.

किंगची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. माणूस मूळचा मेनचाच नाही, जन्म व्हर्जिनियातला. मेनमध्ये आला तो स्कौहिगन नावाच्या छोट्या गावात गरिबांच्या केसेस लढवणारा वकील म्हणून. मग वॉशिंग्टनला एका डेमोक्रॅट सिनेटरकडे काम, परत मेन, आणि मग बरीच वर्षं इथल्या पब्लिक टीव्हीवर राज्याच्या राजकारणावरचा कार्यक्रम. त्याच्या जोडीला वीजबचतीचा धंदा काढला, मोठा केला, विकला. १९९३ पर्यंत तो डेमोक्रॅट होता. मग बाहेर पडला आणि स्वतःचा बराच पैसा घालून उभा राहिला.

आता यातला वकील, धंदेवाला वगैरे भाग वेबसाइटवर छान दिसतो, तुमच्या उमेदवाराच्या वेबसाइटवरही असणार. पण मला विचाराल तर किंगला जिंकवलं टीव्हीने. अरूस्टुक काउंटीतल्या बटाट्याच्या शेतकऱ्याला तो चेहरा आणि तो आवाज आठवड्याच्या आठवड्याला घरात ऐकायची सवय होती, आणि कार्यक्रमात तो दोन्ही पक्षांच्या लोकांना प्रश्न विचारणारा मधला माणूस होता. पक्षाचा उमेदवार अनोळखी असला तरी चालतं हो, त्याच्या नावापुढे पक्ष छापलेला असतो, मतदाराला निम्मी माहिती तिथेच मिळते. अपक्षापुढे काहीच नसतं, आपल्यासारखं शिट्टी किंवा ट्रकचं चिन्हसुद्धा नाही. ती रिकामी जागा ओळखीने भरावी लागते, आणि ती ओळख कॅम्पेनच्या सहा महिन्यांत विकत घेता येत नाही, बऱ्याच श्रीमंतांनी प्रयत्न केलेत. म्हणून मी कुणाचंही बॅकग्राउंड वाचताना "काय काय केलं" यापेक्षा "ते करताना अनोळखी लोकांनी याला किती वर्षं पाहिलं" हे बघते.

आणि तरीही किंग कितीने जिंकला? पस्तीस टक्के. दुसरे जोसेफ ब्रेनन, माजी गव्हर्नर, डेमोक्रॅट, जवळपास चौतीस. फरक आठ हजार मतांच्या आत. तिसऱ्या होत्या रिपब्लिकन सुझन कॉलिन्स, तेवीस टक्के, आणि ग्रीन पक्षाचा उमेदवार सहा. (कॉलिन्सबाई दोनच वर्षांनी सिनेटवर गेल्या, २०१२ ला किंगही अपक्ष म्हणूनच सिनेटवर गेला, आणि मग दोघं मेनचे दोन सिनेटर म्हणून शेजारी. इथलं राजकारण असं एका अंगणातलं आहे.) म्हणजे बघा, पासष्ट टक्के लोकांनी त्याला मत दिलं नव्हतं. तिरंगी लढत झाली, एक मोठा पक्ष घसरून तिसरा गेला, म्हणून वाट मिळाली. लाँगलीचंही तेच, चाळीस टक्क्यांच्या आसपास.

तेव्हा मत वाया जाईल का याचं उत्तर उमेदवाराच्या बायोडेटामध्ये नाहीये, ते तिसऱ्या नंबरवर कोण आहे त्यात आहे. दोन पक्षांपैकी एक जर खरोखर ढेपाळला असेल तर अपक्ष शर्यतीत आहे. दोन्ही पक्ष चाळिशीच्या घरात घट्ट असतील तर तो कितीही चांगला असो, तो मतं खाणार, त्याच्या मनात तसं नसलं तरी.

हे दोन्ही प्रकार एकाच माणसाच्या बाबतीत आम्ही इथे पाहिलेत. इलियट कटलर, वकील, बँगरचा, तरुणपणी मेनचे सिनेटर मस्की यांच्याकडे काम केलेला, राष्ट्राध्यक्ष कार्टरच्या सरकारात असलेला. २०१० ला अपक्ष उभा राहिला. ऑक्टोबरभर डेमोक्रॅट उमेदवार खाली घसरत गेल्या आणि शेवटच्या दिवसांत त्यांचे मतदार धडाधड कटलरकडे वळले. निकाल, रिपब्लिकन पॉल लपाज साडेसदतीस, कटलर छत्तीस, डेमोक्रॅट एकोणीस. फरक दहा हजारांच्या आत. त्या रात्रीचं दुःख काय होतं ठाऊक आहे का, बऱ्याच लोकांनी पोस्टाने किंवा आधी जाऊन मत देऊन टाकलं होतं, वारं फिरायच्या आधी. नंतर दारावर लोक मला म्हणायचे, "मी आठवडाभर थांबलो असतो तर". म्हणून तिरंगी लढत असेल तर ॲब्सेंटी बॅलट (घरबसल्या भरायची मतपत्रिका) जरूर मागवा, घरी ठेवा, पण भरून पाठवायची घाई करू नका. वेळेत पोचेल इतपत थांबा, किंवा शेवटी क्लार्कच्या ऑफिसात हातोहात नेऊन द्या.

२०१४ ला तोच कटलर, तेच बॅकग्राउंड, उलट लोक आता त्याला जास्त ओळखत होते. पण यावेळी डेमोक्रॅटांनी माइक मिशो हा दणकट उमेदवार दिला आणि तिसरी जागा कटलरच्या वाट्याला आली. निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात त्याने स्वतः पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मी जिंकू शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या मनाप्रमाणे मत द्यावं, आणि त्याच दिवशी अँगस किंगने कटलरला दिलेला पाठिंबा काढून मिशोला दिला. आठ टक्क्यांवर आटोपलं, लपाज परत गव्हर्नर. माणूस तोच, चार वर्षांत छत्तीसवरून आठवर.

तुम्ही म्हणाल, मेनमध्ये तर पसंतीक्रमाचं मतदान आहे ना, पहिली पसंती अपक्षाला, दुसरी पक्षाला, वाया जायचा प्रश्नच कुठे? नव्याने आलेल्या बहुतेकांचा हा समज असतो आणि तो इथे नेमका चुकतो. २०१६ ला लोकांनी सार्वमताने ते आणलं हे खरं, पण राज्याच्या वरच्या कोर्टाने २०१७ ला मत दिलं की राज्यघटनेत गव्हर्नरला "सगळ्यात जास्त मतं" एवढंच म्हटलंय, त्यामुळे गव्हर्नरच्या मुख्य निवडणुकीला ते बसत नाही. म्हणून प्रायमरीला पसंतीक्रम, वॉशिंग्टनच्या सिनेट आणि काँग्रेसला पसंतीक्रम, आणि ज्या निवडणुकीमुळे लोक चिडून हे मागत होते तिथेच नाही. त्या शब्दांनाही इतिहास आहे, १८७९ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, राजधानी ऑगस्टामध्ये हाणामारीची वेळ आली, आणि मग १८८० ला घटना बदलून ही सोपी पद्धत आणली. तोडगा म्हणून आणलेली गोष्ट सव्वाशे वर्षांनी अडचण झाली.

पैशाचं एवढंच सांगते, अपक्षाला प्रायमरी नसते हे ऐकायला सोपं वाटतं पण २०१४ पर्यंत त्याचा तोटाच होता. पक्षाचा उमेदवार एकाच देणगीदाराकडून प्रायमरीसाठी पंधराशे डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी परत पंधराशे घेऊ शकायचा, अपक्ष एकदाच. कटलरच्या समर्थकांनी त्यावर कोर्टात जाऊन दाद मिळवली. आणि तुमच्या घरी कुणी एच-वनवर असेल तर त्यांच्या खात्यातून उमेदवाराला पैसे देऊ नका, तो कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. फुकट व्हॉलंटियरगिरी कुणीही करावी.

आता तिसरा प्रश्न, निवडून आला तर पुढे काय. इथे मात्र बॅकग्राउंड बारकाईने बघा, कारण मेनची रचना अपक्षाला फार एकटं पाडते. लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, नाही. ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट, खजिनदार हे तिघं विधिमंडळ निवडतं, म्हणजे बहुमतवाल्या पक्षाची माणसं. तुमचा अपक्ष जिंकला तर त्याचा सरकारी वकीलसुद्धा त्याचा नसणार, आणि सभागृहात त्याच्या बाजूने ओरडायला हक्काचा एकही माणूस नाही. लाँगलीने विधिमंडळाशी सरळ भांडण घेतलं, शंभरहून जास्त विधेयकं व्हेटोने (नकाराधिकार वापरून) परत पाठवली, बरेच व्हेटो आमदारांनी मोडून काढले. एकच टर्म करणार म्हणाला होता, तो शब्द पाळून घरी गेला. किंगने दुसरा रस्ता धरला, दोन्ही पक्षांशी बोलत राहायचं. सातवीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप ही त्याची कल्पना २००० साली आली तेव्हा आमदारांनी आणि लोकांनीही धुडकावली होती, दोन वर्षं घासाघीस करून २००२ ला ती शाळांत उतरली. १९९८ ला लोकांनी त्याला अठ्ठावन्न टक्क्यांच्या वर मतं देऊन परत आणलं होतं, पहिल्या वेळच्या पस्तीसवरून.

म्हणून धंद्यातला माणूस असेल तर मी विचारते, याला कधी अशा लोकांकडून काम करून घ्यावं लागलंय का ज्यांना हा नोकरीवरून काढू शकत नाही? शाळेच्या बोर्डावर, गावच्या कौन्सिलवर, युनियनशी वाटाघाटीत, कुठेही. नुसता मालकच राहिलेला माणूस असेल तर ऑगस्टाला पहिल्या सहा महिन्यांत त्याचं डोकं फिरतं. दुसरं, पक्ष कधी आणि का सोडला. अलास्काचा बिल वॉकर २०१० ला रिपब्लिकन प्रायमरी हरला, २०१४ ला अपक्ष झाला, आणि डेमोक्रॅट उमेदवार बायरन मॅलटने स्वतःची उमेदवारी सोडून त्याच्याखाली लेफ्टनंट गव्हर्नरला उभं राहायचं मान्य केलं तेव्हा कुठे जिंकला. चार वर्षांनी मॅलटला निवडणुकीच्या तोंडावर राजीनामा द्यावा लागला आणि त्याच आठवड्यात वॉकरनेही मैदान सोडलं, पाठीशी पक्ष नसला की एक खांब पडला तरी मांडव खाली येतो. ऱ्होड आयलंडचा लिंकन चेफी २०१० ला अपक्ष म्हणून गव्हर्नर झाला, २०१३ ला डेमोक्रॅट. बंडखोर असणं वाईट नाही, किंगही पक्ष सोडूनच आलेला, पण तिकीट नाकारल्याच्या रागात आलाय का आधीच शांतपणे बाहेर पडलाय ते तारखा लावून बघितलं की कळतं.

तुमच्या उमेदवाराचं भविष्य मी सांगू शकत नाही, ते दोन्ही पक्ष जूनच्या प्रायमरीत कुणाला काढतात त्यावर आहे, आणि सह्यांची मुदत तर त्याआधीच, १ जूनला संपते. म्हणजे आजोबांना सही देताना तुम्हाला, त्यांना किंवा खुद्द उमेदवारालाही माहीत नसणार की लढत कशी होणार. मत ठरवायला ऑक्टोबर आहे.

आणि आजोबा परत आले की सही करताना एक बघा. तुम्ही प्रश्नात "आमच्या पोर्टलंडमध्ये" लिहिलंय आणि पुढे सांगितलंय की घर पुलाच्या अलीकडे, विलर्ड बीचजवळ आहे. ते साउथ पोर्टलंड आहे, वेगळी सिटी, वेगळा क्लार्क. कागदावर पोर्टलंड लिहिलंत तर ती सही पोर्टलंडच्या क्लार्ककडे जाईल, त्यांच्या यादीत तुमचं नाव सापडणार नाही, आणि ते तिच्यावर काट मारतील. मी अशा कितीतरी पाहिल्यात.